कुठून, कुठे आणि कोणत्या वाटेने?

दादरच्या एका शाळेत एकतीस वर्षे मी मराठी शिकवले. 'स ला ते, स ला ना ते' हे माझ्या आयुष्याचे पार्श्वसंगीतच म्हणा ना! पंचमीचे प्रत्यय कोणते, असे झोपेत विचारले तरी 'ऊन, हून' असे उत्तर यावे, अशी माझ्या वर्गाची ख्याती होती. 'ठाणेला जातो' म्हणणाऱ्या मुलाला मी बाकावर उभे करीत असे. "अरे, सामान्यरूप कुठे गेलं? 'ठाण्याला' म्हण!" अशा बाईवर एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा विभक्ती शिकण्याची पाळी यावी, आणि तीही नऊ वर्षांच्या नातवाकडून, उणे पंधरा अंशांच्या थंडीत, हे कुणा ज्योतिष्याला माझ्या पत्रिकेत दिसले नव्हते.

आमचे चिरंजीव कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटावरच्या इकालुइत या गावी बांधकामाचे इंजिनिअर आहेत. सूनबाई तिथेच परिचारिका. दहा वर्षे "आई, या ना" चालले होते. पण ह्यांना थंडी सोसत नसे आणि ह्यांना सोडून मी कुठे जात नसे. २०२० च्या एप्रिलमध्ये हे गेले. जगभर टाळेबंदी होती. मुलगा आला नाही. येणे शक्य नव्हते हे मला कळत होते. पण कळणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे. त्यानंतर फोनवर आम्ही हवापाणी आणि नातवाचा अभ्यास यांपलीकडे फारसे बोललो नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी अखेर निघाले, ते ट्रंकेत भाजणी, मेतकूट आणि मनात एक अढी घेऊन.

ओटावाहून विमान सरळ उत्तरेकडे तीन तास उडते. खाली आधी जंगल दिसते, मग झाडे खुरटी होत जातात, मग झाडेच संपतात आणि उरतो तो नुसता पांढरा रंग. विमानतळाची इमारत मात्र लालभडक. एवढ्या पांढऱ्यात चुकायला नको म्हणूनच रंगवली असावी, असे मला वाटले. इकालुइत ही नुनावुत प्रदेशाची राजधानी. १ एप्रिल १९९९ रोजी हा प्रदेश अस्तित्वात आला. 'नुनावुत' म्हणजे 'आपली भूमी'. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तसे तिथे काही नाही. वस्ती साडेसात हजारांच्या आत. गोठलेल्या जमिनीवर खांब रोवून त्यांवर उभी केलेली निळी, पिवळी, हिरवी घरे. टॅक्सीवाल्याला घराचा नंबर सांगितला की पुरे. गावातून बाहेरच्या कोणत्याही गावाला जाणारा रस्ता नाही. एक रस्ता टेकड्यांकडे थोडा जातो आणि संपतो. त्याचे नावच मुळी 'कुठेच न जाणारा रस्ता' असे आहे. हे नाव ठेवणारा माणूस आमच्या मुंबईच्या नगरपालिकेत असता तर बरेच रस्ते प्रामाणिक झाले असते!

'इकालुइत' म्हणजे 'मासे'. गावाचे नाव नुसते 'मासे'! आणि तेही अनेकवचनी. मासे खाणाऱ्या घरातली मी. मला हे गाव पहिल्याच दिवशी आपले वाटले. १९८७ पर्यंत नकाशावर याचे नाव 'फ्रोबिशर बे' होते. मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी १५७६ साली आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधत इकडे आला. या उपसागराला तो सामुद्रधुनी समजला. कुठे जायचे ते त्याला ठाऊक होते. वाट मात्र बंद निघाली. तो इथली काही माणसे पकडून इंग्लंडला घेऊन गेला. ती परत आली नाहीत. ही गोष्ट मी तेव्हा एका कानाने ऐकली आणि दुसऱ्याने सोडून दिली. तिची आठवण पुढे व्हायची होती.

पहिल्याच संध्याकाळी नातवाने माझी शाळा घेतली. त्याच्या शाळेत इनुक्टिटुट ही इथल्या इनुइट लोकांची भाषा शिकवतात. तिची लिपी मोठी गमतीची. एका अक्षराला काना-मात्रा नाही. अक्षरच दिशा बदलते. त्रिकोणाचे टोक वर केले की 'पि', उजवीकडे वळवले की 'पु', डावीकडे वळवले की 'पा'. स्वर तीनच: इ, उ, आ. वर टिंब दिले की दीर्घ. रस्त्यावरच्या थांबण्याच्या पाटीवरही हीच अक्षरे.

"आजी, तू कुठून आलीस, हे सांग बघू," नातू म्हणाला. "मी विचारणार, 'नाकिङ्ङाक्पित?' तू म्हणायचं, 'मुंबईमिङ्ङाक्तुङा.'"

मी थक्क झाले. वाचकहो, आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात 'ङ' नावाचा एक बिचारा पाहुणा असतो. 'वाङ्मय' सोडले तर त्याला कुणी बोलावत नाही. एकतीस वर्षे मुलांनी मला विचारले, "बाई, हे अक्षर कशाला?" आणि एकतीस वर्षे मी त्यांना गप्प बसवले. तो 'ङ' इथे पृथ्वीच्या टोकाला वाक्यावाक्यात बागडत होता!

मग नातवाने चार प्रत्यय सांगितले. 'मि' म्हणजे तिथे असणे, 'मुत' म्हणजे तिकडे जाणे, 'मित' म्हणजे तिथून येणे. 'इल्लु' म्हणजे घर. 'इल्लुमि' घरात, 'इल्लुमुत' घराकडे, 'इल्लुमित' घराहून. 'इकालुइत' अनेकवचनी असल्यामुळे त्याचे प्रत्यय निराळे: इकालुन्नि, इकालुन्नुत, इकालुन्नित. शेवटचा 'त' गेला, 'न' आला. म्हणजे सामान्यरूपच की! 'ठाणे'चे 'ठाण्या' होते तसे. मला वर्गात उभे असल्यासारखे वाटू लागले. पुढे कळले की तुलना करतानाही ते पंचमीच वापरतात. आपण 'माझ्याहून मोठा' म्हणतो, तसे 'उवान्नित', म्हणजे 'माझ्यापासून' मोठा. मराठीचा आणि या भाषेचा कुळाशी काही संबंध नाही. पण दोन अनोळखी घरांत एकाच घाटाचा तांब्या सापडावा, तसा आनंद मला झाला.

"आणि चौथा?" मी विचारले.

"चौथा 'क्कुत'. म्हणजे तिथून… तिथून जाणं. त्याच्यातून. त्याच्यावरून."

'नुनाक्कुत' म्हणजे जमिनीवरून, 'सिकुक्कुत' म्हणजे समुद्रावरच्या बर्फावरून. विमानाने, जहाजाने, रेडिओवरून, सगळ्याला 'क्कुत' चालतो. सकाळच्या नमस्काराला इथे 'उल्लाक्कुत' म्हणतात. आपण 'सकाळी' भेटतो. सकाळ आपल्याला जणू एक ठिकाण वाटते. त्यांच्या व्याकरणात सकाळ ही वाट आहे, तिच्यातून माणूस पुढे जातो. आपल्याकडे वाटेसाठी अशी स्वतंत्र विभक्तीच नाही. पुलावरून, दारातून, बोरघाटाने, मनमाडमार्गे, असे आपण जागा पाहून काम भागवतो.

उलट आपल्याकडे एक भलतीच सोय आहे, ती मला तिथे प्रथम जाणवली. 'मुलगा घरी आहे' आणि 'मुलगा घरी गेला', दोन्हीकडे 'घरी'च! गावी, माहेरी, सासरी, सगळे तसेच. माहेरी असणे आणि माहेरी जाणे यांत आपल्या 'ई' प्रत्ययाला फरक वाटत नाही. जायचे मनात आले की माणूस पोचलाच. इनुक्टिटुटमध्ये हे चालत नाही. तुम्ही तिथे आहात, की तिकडे निघाला आहात, ते सांगावेच लागते.

"का रे इतका काटेकोरपणा?" मी मुलाला विचारले. तो हसला आणि म्हणाला, "उद्या शेजारच्या आजींकडे चल. मग कळेल."

शेजारच्या आजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. खिडकीपाशी बसून कातड्याचे हातमोजे शिवत होत्या. खिडकीतून सगळा उपसागर दिसत होता. एप्रिलातही समुद्र गोठलेला. भरती-ओहोटी मात्र त्या बर्फाखालीही थांबत नाही. दहा मीटरच्याही वर पाणी चढते आणि उतरते, त्यामुळे किनाऱ्यालगत बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या फुटून उभ्या-आडव्या पडलेल्या असतात. त्यांतून वाट काढत त्यांचा मुलगा शिकारीला गेला होता. स्कीडू नावाच्या बर्फावरच्या फटफटीला लांब लाकडी घसरगाडी बांधलेली.

दुपारी तो परतला. दारातच आजींनी एक शब्द विचारला, "नाउक्कुत?"

त्यांच्या नातीने मला समजावले: "कोणत्या वाटेने आलास, असं विचारते आहे." काय मिळाले, थकलास का, हे सगळे नंतर. आधी वाट. तोही सविस्तर सांगू लागला. कुठे बर्फ पक्का, कुठे पातळ, कोणत्या भेगेला वळसा घातला. नात म्हणाली, "उद्या दुसरा कुणी जाईल. त्याला हे ठाऊक हवं. कुठे जायचं ते सगळ्यांनाच माहीत असतं. माणसं बुडतात ती वाटेत."

मी गप्प झाले. आमच्या घरी मुलगा उशिरा आला की मी विचारायची, "कुठे होतास?" कोणत्या वाटेने आलास, असे मी त्याला कधी विचारले असेल तर मला आठवत नाही.

चहा झाला. तोंडात विरघळणारा गोठवलेला कच्चा मासा झाला. तो मी खाल्ला, याचा आजींना फार आनंद झाला. मग भिंतीवरच्या एका फोटोकडे माझे लक्ष गेले. तरुण बाई, पाठीवरच्या टोपडीत मूल. "माझी आई," आजी म्हणाल्या, आणि नातीच्या तोंडून मला ती गोष्ट कळली.

१९५० नंतर दर उन्हाळ्यात 'सी. डी. हाउ' नावाचे सरकारी जहाज या किनाऱ्यावरच्या वस्त्यांना येई. जहाजावर डॉक्टर आणि क्ष-किरणांचे यंत्र असे. इनुइट लोकांत तेव्हा क्षयाने थैमान घातले होते. १९५६ च्या सुमारास दर सातांतला एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात होता. ज्यांच्या फुप्फुसावर डाग दिसे, त्यांना तिथूनच दक्षिणेला नेत. पुष्कळांना निरोप घेण्यापुरतेही किनाऱ्यावर उतरू देत नसत. आजींची आई १९५६ च्या उन्हाळ्यात जहाजावर चढली, तेव्हा आजी सहा वर्षांच्या होत्या. त्या किनाऱ्यावर थांबल्या. होड्या परत आल्या. आई आली नाही. एकदोन निरोप आले, मग तेही थांबले. कुठे नेली, कधी गेली, कुठे पुरली, कुणी कळवले नाही.

८ मार्च २०१९ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी इकालुइतला येऊन याबद्दल माफी मागितली. हरवलेल्यांच्या नोंदी घरच्यांना मिळाव्यात म्हणून एक उपक्रम सुरू झाला. त्याचे नाव 'नानिलावुत', म्हणजे 'आपण त्यांना शोधू या'. त्यातून आजींना दक्षिणेतल्या एका गावाचे नाव मिळाले, दफनभूमीचे नाव मिळाले. त्या तिथे जाऊन आल्या.

"तिथे जाऊन काय वाटलं?" मी भीत भीत विचारले.

आजींनी हातातले शिवण खाली ठेवले. नात त्यांचे बोलणे थांबत थांबत सांगत होती. "त्रेसष्ट वर्षं मला एवढंच म्हणता येत होतं की आई गोऱ्यांच्या मुलखाकडे गेली. 'मुत' होता, पण तो लावायला गावाचं नाव नव्हतं. आता नाव आहे. ती कोणत्या बंदराला उतरली, कोणत्या गाडीने गेली, तेही कागदात आहे. मी त्याच वाटेने गेले." आणि मग त्यांनी पुन्हा सुई उचलली.

आपल्याकडे प्रत्यय एकटा उभा राहू शकत नाही, असे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! त्याचा अर्थ मला त्या दिवशी समजला.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. नातू स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ करीत होता. घरातल्या माणसांनी केलेले प्रवास लिहायचे होते: कुठून, कुठे, कशाने. मी थालीपीठ लावत होते. त्याने मोठ्याने वाचले, "आजी, मुंबईमित इकालुन्नुत." मी म्हटले, "शाब्बास!" "आई, इकालुन्नित ओटावामुत." "छान." "बाबा, इकालुन्नित ओटावामुत. ओटावामित इकालुन्नुत."

"बाबा ओटावाला कशाला गेले होते रे?" मी सहज विचारले.

"आजोबा आजारी होते ना, तेव्हा. मी सहा वर्षांचा होतो. बाबा हॉटेलात होते. खूप दिवस. आम्ही फोनवर बघायचो."

तव्यावरचे थालीपीठ करपले. मला कळले ते वासावरून.

रात्री नातू झोपल्यावर मी मुलासमोर बसले. तीन वर्षे मनात घोकलेले सगळे प्रश्न बाजूला राहिले. मी एवढेच विचारले, "कोणत्या वाटेने निघाला होतास?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग सांगू लागला. ह्यांना रुग्णालयात हलवल्याचा माझा फोन आला, त्याच दिवशी तो निघाला होता. ओटावाला उतरला. पुढच्या विमानाची वाट पाहत असतानाच, २०२० च्या मार्चमधल्या त्या आठवड्यात, भारताने बाहेरून येणारी सगळी विमाने बंद केली. दिल्लीमार्गे नाही, लंडनमार्गे नाही, आखातातून नाही. त्याने सगळे धुंडाळले. दोनच दिवसांत नुनावुतनेही दार लावून घेतले. परत जायचे तर आधी दक्षिणेत चौदा दिवस खोलीत एकटे राहायचे. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. त्या खोलीत असतानाच ह्यांच्या जाण्याची बातमी त्याला मी कळवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं, आई? पोचलो तर नव्हतो."

मी तीन वर्षे एवढेच धरून बसले होते, की तो आला नाही. तो निघाला होता, हे मला ठाऊकच नव्हते. फोनवर मी विचारले होते, "येतो आहेस का?" त्याने म्हटले होते, "येता येत नाही." त्या वेळी तो कुठे उभा होता, हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. मी त्याला आपल्या उबदार घरी बसवून टाकले होते. आपला 'घरी' कुठेही बसतो.

त्याच्या केसांवरून मी हात फिरवला. चाळिशी उलटलेला माणूस तो. पण गप्प बसून राहिला. सूनबाईने दुरून पाहिले आणि चहाचे आधण ठेवले.

मे महिन्याच्या सुरुवातीला मी निघाले. आजी विमानतळावर आल्या होत्या. त्यांनी मला हातमोजे दिले. मी त्यांना नारळाच्या वड्या दिल्या. मुंबईत हे मोजे कुठे घालणार, असा विचार मी केला नाही. मुलाला मी "परत केव्हा येणार?" असे विचारायचे ठरवून गेले होते. तेही विचारले नाही. फक्त म्हटले, "निघालास की वाटेतून फोन करत जा." तो "हो" म्हणाला.

ओटावाला मी मुद्दाम एक रात्र राहिले. मुलाकडून त्या हॉटेलचे नाव घेतले होते. संध्याकाळी टॅक्सी करून तिथवर गेले. साधी, करड्या रंगाची इमारत. तिसरा मजला, रस्त्याकडची खिडकी, असे त्याने सांगितले होते. पडदा ओढलेला होता. मी समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. तेवढ्यात फोन वाजला. नातू होता.

"आजी, पोचलीस का? कुठे आहेस?"

"ओटावाक्कुत," मी म्हटले.

"चुकलीस!" तो ओरडला. माझ्याच वर्गातले कुणी ओरडावे तसा. "तू आत्ता तिथे आहेस ना? मग 'ओटावामि' म्हण!"

"नाही रे," मी खिडकीकडे पाहत म्हटले, "मी वाटेत आहे."